कर्ता कोण?

स्वयंपाकघरांत दूध सांडलेलें असतें. आई विचारते, “हें कोणीं केलें?” चार वर्षांचें मूल गंभीर मुद्रेनें उत्तर देतें, “दूध सांडलें.” ह्या उत्तरांतील एकही शब्द खोटा नाहीं. दूध खरोखरच सांडलेलें आहे, आणि तें ओट्यावरून खालीं ओघळतही आहे. आईनें मात्र हाताविषयीं विचारलें होतें आणि मुलानें दुधाविषयीं सांगितलें. दादोबांच्या किंवा दामल्यांच्या व्याकरणाचें एक पानही न उलटलेल्या त्या बालकास वाक्यांतून कर्ता काढून टाकण्याची विद्या उपजतच आलेली असते. आपण हंसतों आणि फडकें घेऊन ओटा पुसतों. परंतु हीच विद्या जेव्हां एखादें प्रौढ, सुशिक्षित, तत्त्वज्ञानासाठीं जगभर नांवाजलेलें राष्ट्र अंगीं बाणवितें, आणि सांडलेलें असतें तें रक्त असतें, तेव्हां हंसण्यास कारण उरत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीच्या राजकीय भाषेविषयीं गेलीं ऐंशी वर्षें जो वाद चालला आहे, त्यांत ठळक असे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, दूषित शब्द वेंचून बाहेर टाका, म्हणजे विचार आपोआप निर्मळ होईल. दुसरा म्हणतो, शब्द ते शब्द. त्यांच्यावर पहारे बसविणें म्हणजे मोकळ्या बोलण्याचा गळा दाबणें होय. आमच्या मतें पहिल्यानें चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचें ठरविलें आहे, आणि दुसरा त्या संन्याशाचें निरपराधित्व सिद्ध करून स्वस्थ बसला आहे. चोराची चौकशी दोघांनींही केलेली नाहीं. हा चोर शब्दकोशांत राहत नाहीं, वाक्यरचनेंत राहतो. कृत्य सांगावयाचें आणि करणारा सांगावयाचा नाहीं, ही ती चोरी होय. ती १९४५ सालीं थांबली नाहीं, आणि तिची किंमत आजही माणसेंच देत आहेत, हें ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

पहिल्या पक्षाची थोरवी आम्हांस मान्य आहे. व्हिक्टर क्लेम्पेरर हे ड्रेस्डेन येथें फ्रेंच वगैरे भाषांच्या वाङ्मयाचे अध्यापक होते. जन्मानें यहुदी म्हणून १९३५ सालीं त्यांची जागा गेली. पुढें ग्रंथालयाचीं दारेंही बंद झालीं. ह्या विद्वानानें जिवावर उदार होऊन रोजनिशी ठेविली, आणि भोंवतालचे लोक कोणते शब्द कसे वापरतात ह्याची नोंद केली. ‘फॅनाटिश’ म्हणजे माथेफिरू, ह्या निंदाव्यंजक शब्दाची नात्सी राजवटींत स्तुति कशी झाली, हें त्यांनीं टिपलें. त्यांचा ग्रंथ १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास हाइडेलबर्ग येथील ‘डी वांडलुंग’ मासिकांत श्टेर्नबेर्गर, श्टोर्झ व झ्यूस्किंड ह्या तिघांनीं ‘अमानुषाच्या शब्दकोशांतून’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं एकेका शब्दाची उलटतपासणी केली. १९५७ सालीं तिचें पुस्तक झालें. ‘बेट्रॉयुंग’ म्हणजे सांभाळ, ‘लागेर’ म्हणजे छावणी, असे साधे घरगुती शब्द त्यांनीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे केले. राखेच्या ढिगाऱ्यावर बसून भाषेचा हिशेब मागणाऱ्या ह्या माणसांपुढें आमचें मस्तक नम्र आहे. तरी त्यांचे अनुयायी ज्या वाटेनें गेले ती वाट चुकीची होती.

शब्दाचें कुळ किंवा सोंवळेपण पाहून राजकारणाची परीक्षा होत नाहीं, हें महाराष्ट्रांतील वाचकांस तरी पटावें. भाषाशुद्धीचे वाद आपल्याकडे कांहीं थोडे झालेले नाहींत. जर्मनींतही परकीय शब्द हांकून लावणारी एक संस्था १८८५ सालापासून होती. हिटलरची सत्ता येतांच आतां आपले दिवस आले अशा आनंदानें तिनें नव्या धन्याच्या चरणीं आपली सेवा रुजू केली. परंतु १९४० च्या नोव्हेंबरांत त्याच सरकारनें परकीय शब्दांच्या बळजबरीच्या भाषांतरास मनाई करणारा हुकूम काढला. ह्यांत नवल तें काय? ‘प्रोपागांडा’, ‘आक्त्सिओन’, ‘कॉन्झेन्ट्रात्सिओन’ असे लॅटिन घराण्यांतील शब्द त्या राजवटीच्या हातांतील हत्यारें होतीं. खुनी माणूस सुरी कोणत्या गांवची हें पाहत बसत नाहीं.

ता. २० जानेवारी १९४२ रोजीं बर्लिनजवळ वान्झे सरोवराच्या कांठीं एका बंगल्यांत पंधरा अधिकारी जमले होते. त्या बैठकीचें टिपण आडोल्फ आइकमन ह्यानें तयार केलें. तें आज उपलब्ध आहे. त्यांत युरोपांतील देशवार यहुद्यांची बेरीज एक कोटि दहा लक्षांवर नेलेली आहे, आणि त्यांच्याविषयीं जो शब्द पुनः पुन्हां येतो तो ‘स्थानांतर’ हा होय. नदीला पूर आला असतां कांठच्या गांवकऱ्यांविषयीं जो शब्द दयाळू मामलेदारानें वापरावा, तोच हा शब्द. टिपणांतून वाईट शब्द काढूं म्हटलें तर हातीं फारसें कांहीं लागावयाचें नाहीं. लोकांस पूर्वेकडे नेलें जातें. मोठा भाग नैसर्गिक रीतीनें गळून पडेल अशी अपेक्षा असते. उरलेल्यांस यथायोग्य वागणूक दिली जाईल असें ठरतें. नेणारा, गाळणारा आणि वागविणारा कोण, एवढेंच त्या पानांवर शोधूं गेल्यास हाताशीं येत नाहीं. पुढें १९६१ सालीं जेरुसलेमच्या न्यायालयांत हाच आइकमन म्हणाला कीं कचेरीची भाषा हीच आपली एकमेव भाषा होय. तो त्या दिवशीं खरें बोलला असें आम्हांस वाटतें. कचेरीच्या भाषेंत कोणी कांहीं करीत नाहीं. तेथें सर्व कांहीं केलें जातें.

येथें थोडें व्याकरण सांगणें भाग आहे. आपल्या जुन्या कर्मणि प्रयोगांत कर्ता तृतीयेंत जातो, पण घर सोडीत नाहीं: “रामानें आंबा खाल्ला.” जर्मन भाषेची कर्मणि रचना याहून उदार आहे. तींत कर्ता सांगितला तरी चालतो, न सांगितला तरी वाक्याचें अंग भरलेलेंच दिसतें. शिवाय क्रियापदाचें नाम बनवून त्यास दुसरें नाम जोडण्याची त्या भाषेची हौस दांडगी आहे. नाम झालें म्हणजे क्रियापदाबरोबर कर्ताही गेला आणि कर्मही गेलें; उरली ती नुसती एक ‘बाब’. ह्यांत त्या भाषेचा दोष नाहीं. शास्त्रीय लिखाणास ही सोय उपकारक आहे, आणि भाषेचा सांगाडा अपराधी नसून ती वापरणारा अपराधी असतो, असें १९६० च्या सुमारास जर्मन भाषाशास्त्रज्ञांनीं त्या शब्दकोशकारांस जें बजावलें तें बरोबरच आहे. परंतु त्यानंतर पुढचा प्रश्न त्यांनीं विचारावयास हवा होता: ही सोय कोणत्या वेळीं, कोणाच्या सोयीसाठीं वापरली जाते?

तो प्रश्न आतां आपण विचारूं. ता. २७ सप्टेंबर १९५१ रोजीं पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कॉनराड आडेनाउअर ह्यांनीं लोकसभेंत एक निवेदन केलें. त्यांतील मुख्य वाक्याचा आशय असा कीं, जर्मन लोकांच्या नांवानें अनिर्वचनीय गुन्हे केले गेले आहेत, आणि ते नैतिक व आर्थिक भरपाईचें बंधन घालतात. बहुसंख्य जर्मन लोकांस ह्या गुन्ह्यांचा तिटकारा होता व त्यांनीं त्यांत भाग घेतला नाहीं, असेंही त्यांनीं सांगितलें. आडेनाउअर ह्यांस नात्सींनीं कोलोनच्या नगराध्यक्षपदावरून काढलें होतें; त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. दुसऱ्या वर्षीं लक्झेंबुर्ग येथें करार करून त्यांनीं इस्राएल राष्ट्रास तीनशें कोटि मार्क व यहुदी संस्थांच्या मंडळास पंचेचाळीस कोटि मार्क देण्याचें मान्य केलें, आणि तेंही स्वतःच्या पक्षांतील अनेकांची साथ नसतांना. असें असूनही तें वाक्य पुन्हां वाचावें. गुन्हे आहेत, बंधन आहे, लोकांचें ‘नांव’ही आहे. ज्यानें तें नांव घेऊन गोळी झाडली तो गृहस्थ मात्र त्या वाक्यांत नाहीं. तो त्या वेळीं कदाचित् आपल्या जुन्या कचेरींत पूर्वीच्याच खुर्चीवर बसून निवृत्तिवेतनाची गणना करीत असेल. दूध सांडलें, फडकें आणा.

त्या काळच्या सर्व शब्दांवर ह्याच रचनेची छाया आहे. १९४५ सालास लोक ‘त्सुझामेनब्रुख’ म्हणजे कोसळणें म्हणत. जुनें घर कोसळतें, त्यास पाऊस कारण असतो. भरपाईस ‘वीडरगुटमाखुंग’ म्हणजे पुन्हां चांगलें करणें म्हणत, जणूं साठ लक्ष माणसांची हत्या ही फुटलेली बरणी होती. पण हेच लोक पूर्वेकडील प्रांतांतून आपल्या सुमारे सव्वा कोटि बांधवांस घरेंदारें सोडावीं लागलीं तेव्हां त्यांस काय म्हणत? ‘फेरट्रीबने’, म्हणजे हांकलून दिलेले. ह्या शब्दांत हांकलणारा स्पष्ट उभा आहे. स्वतः भोगलें तेव्हां करणारा आठवला, स्वतः केलें तेव्हां विसरला. पूर्व जर्मनीच्या सरकारला मात्र हांकलणारे मित्रराष्ट्रांपैकीं असल्यामुळें तो शब्द अडचणीचा झाला. म्हणून तिकडे त्याच माणसांस ‘वसाहत बदललेले’ असें म्हणत. बर्लिनची भिंत १९६१ च्या ऑगस्टांत उभी राहिली तेव्हां त्याच सरकारनें तिला ‘फासिस्टविरोधी संरक्षक तट’ असें नांव दिलें. तट परचक्र अडविण्यासाठीं असतो. ह्या तटाजवळ जे किमान १४० लोक प्राणांस मुकले त्यांपैकीं बहुतेक आंतून बाहेर जाऊं पाहत होते. पश्चिमेकडील एका मोठ्या वृत्तपत्रसमूहानें उलट बाजूनें १९८९ सालापर्यंत पूर्व जर्मनीचें नांव अवतरणचिन्हांत छापण्याचा हट्ट चालविला. चिन्हें घातल्यानें एक तरी वीट ढळली काय?

न्यायालयांतही हेंच व्याकरण शिरलें. फ्रँकफुर्टचे सरकारी वकील फ्रित्झ बाउअर ह्यांच्या चिकाटीनें १९६३ च्या डिसेंबरांत आउश्वित्झ छावणीच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि तो १९६५ च्या ऑगस्टपर्यंत चालला. “कोणीं केलें?” हा प्रश्न जर्मन न्यायासनासमोर जर्मन माणसानें इतक्या मोठ्या आवाजांत प्रथमच विचारला. परंतु त्या काळच्या न्यायाधीशांचा कल असा होता कीं हिटलर, हिमलर, हाइड्रिख हे खरे कर्ते आणि बाकीचे बहुतेक त्यांचे साह्यकारी. मराठींत तृतीया विभक्ति कर्त्यासही लागते आणि करणासही लागते: रामानें बाणानें मारलें. आरोपींनीं एवढेंच सिद्ध करावयाचें कीं आपण राम नसून बाण आहों. बाणास कोण फांशीं देतो?

ह्या अंधारांत दिवे लागलेच नाहींत असें मात्र नाहीं. ता. ७ डिसेंबर १९७० रोजीं विली ब्रांट वॉर्सा येथील यहुदी वस्तीच्या स्मारकापुढें गुडघे टेकून बसले. युद्धकाळांत देशत्याग करून नात्सींविरुद्ध झगडलेल्या ह्या पुरुषाकडे व्यक्तिशः कोणताही दोष नव्हता. त्या क्षणीं त्यांनीं एक शब्दही उच्चारला नाहीं, तरी त्या न बोललेल्या वाक्यांत कर्ता होता. ता. ८ मे १९८५ रोजीं राष्ट्राध्यक्ष रिखार्ट फॉन वाइत्झेकर ह्यांनीं पराभवाचा दिवस हा मुक्तीचा दिवस होय असें लोकसभेंत सांगितलें. तें भाषण थोर होतें, आणि ‘कोसळणें’ हा शब्द त्यानें मागें सारला. परंतु मुक्त होणें ही क्रियासुद्धां सोसण्याचीच असते. मुक्त करणारा दुसराच असतो. ज्यांनीं डोळे व कान उघडे ठेविले त्यांच्या लक्षांतून माणसें नेणाऱ्या गाड्या धांवत होत्या ही गोष्ट सुटणें शक्य नव्हतें, असें ते म्हणाले. हें धाडसाचें वाक्य होतें. तरीही त्यांत गाड्या धांवतात. त्या हांकणारा, त्यांचें वेळापत्रक आंखणारा आणि त्यांचें भाडें वसूल करणारा रेल्वेचा कारकून दिसत नाहीं.

तीन वर्षांनीं, १० नोव्हेंबर १९८८ रोजीं, त्याच लोकसभेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर ह्यांनीं कर्ता सांगण्याचें धाडस केलें. यहुद्यांचीं मंदिरें जाळल्यास पन्नास वर्षें झालीं त्यानिमित्त ते बोलत होते. सामान्य जर्मन माणूस १९३८ सालीं काय विचार करीत होता, हिटलरच्या यशानें तो कसा भारला गेला होता, यहुद्यांविषयीं मनांत कोणती अढी बाळगून होता, हें त्यांनीं त्याच माणसाच्या तोंडच्या भाषेंत मांडलें. अवतरणचिन्हें ऐकूं येत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. वाचन नीरस होतें, प्रसंग शोकाचा होता, हेंही खरें. सभासद उठून चालते झाले आणि दुसऱ्याच दिवशीं अध्यक्षांस राजीनामा द्यावा लागला. पुढें जर्मनींतील यहुद्यांच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष झालेले इग्नात्स बुबिस ह्यांनीं सांगितलें कीं, त्या भाषणांतील मजकूर आपण दुसऱ्या वर्षीं स्वतःच्या भाषणांत घातला, आणि कोणीं ब्रही काढला नाहीं. ह्यावरून काय निष्पन्न होतें? शब्द तेच असूनही येनिंगर ह्यांचे श्रोते दुखावले, कारण त्यांच्या वाक्यांतील कर्ता श्रोत्यांच्या घरांतील होता. ‘गुन्हे केले गेले’ असें म्हणणारे मान्यता पावले; ‘आपण टाळ्या वाजविल्या’ असें सुचविणारा मात्र एका रात्रींत पदच्युत झाला.

येथें आक्षेपक म्हणेल, “सबंध राष्ट्रास कर्ता ठरविणें हाच तर नात्सींचा न्याय. ‘यहुद्यांनीं केलें’ असें ते म्हणत; तुम्ही ‘जर्मनांनीं केलें’ म्हणतां.” आक्षेप वजनदार आहे, आणि आमचें म्हणणें त्यामुळें अधिकच बळकट होतें. समूहाचें नांव हें कर्त्याचें नांव नव्हे. तोही कर्ता लपविण्याचाच एक प्रकार. “कोणीं?” ह्या प्रश्नाचें उत्तर अमका कारकून, अमका शिपाई, अमका न्यायाधीश, आणि हद्दपार शेजाऱ्याचें कपाट लिलांवांत स्वस्तांत घेणारा अमका सभ्य गृहस्थ, असें द्यावें लागतें. तें त्रासाचें असतें म्हणूनच राष्ट्रें एकतर कर्ता गाळतात, नाहींतर त्याच्या जागीं सर्वांस बसवून मोकळीं होतात.

आतां जुन्या पापांवरून आपण परक्यांच्या प्रश्नाकडे वळूं. कारण हीच संवय तेथें जिवंत माणसांस भोंवली. १९५५ सालीं इटलीशीं आणि १९६१ सालीं तुर्कस्थानाशीं करार करून पश्चिम जर्मनीनें मजूर आणविले. त्यांस ‘गास्टआर्बाइटर’ म्हणजे पाहुणे कामगार म्हणत. १९६४ सालीं दहालक्षाव्या पाहुण्यास, एका पोर्तुगीज मजुरास, कोलोन स्थानकावर मोपेड भेट दिली. आपल्याकडे अतिथीस देव मानतात. त्यास कोळशाच्या खाणींत उतरविण्याची चाल कोठेंही नाहीं. पाहुणा म्हटल्यानें एक गोष्ट मात्र साधली: पाहुणा आज ना उद्यां जातो, तेव्हां त्यास भाषा शिकविणें, नागरिकत्व देणें, त्याच्या मुलांची शाळा पाहणें, ह्यांचा कर्ता कोणीच नाहीं. १९७३ सालीं भरती बंद झाली. तोंपर्यंत सुमारे एक कोटि चाळीस लक्ष आले होते, सुमारे एक कोटि दहा लक्ष परत गेले, बाकीचे राहिले. १९८२ सालच्या सत्ताधारी पक्षांच्या करारांत तरीही असें लिहिलें गेलें कीं, जर्मनी हा लोकांनीं येऊन स्थायिक होण्याचा देश नाहीं. दारांत उभ्या असलेल्या लाखों माणसांस वाक्यानें पुसून टाकलें, आणि जर्मन भूमीवर जन्मलेल्या त्यांच्या मुलांस जन्मानें नागरिकत्व मिळण्याची वाट २००० सालापर्यंत उघडली नाहीं.

१९४९ सालच्या राज्यघटनेंत आश्रयाविषयीं मूळ जर्मनमध्यें फक्त चार शब्दांचें एक वाक्य होतें: राजकीय छळ झालेल्यांस आश्रयाचा हक्क आहे. ज्यांनीं तें लिहिलें त्यांस परदेशांत दारोदार फिरलेल्या देशबांधवांची आठवण होती. ह्या वाक्यांत माणूस प्रथम येतो आणि हक्क त्याच्या हातांत असतो. १९९२ सालीं हल्ले आणि जाळपोळी वाढल्या. वृत्तपत्रांत व सभांत ‘लोंढा’, ‘पूर’, ‘भरलेली नाव’ असे शब्द वाहूं लागले. पुरास चेहरा नसतो आणि बांध घालणाऱ्यास पाप लागत नाहीं. ता. २६ मे १९९३ रोजीं लोकसभेनें घटना दुरुस्त केली. तें चार शब्दांचें वाक्य राहिलें खरें, पण त्याच्यामागें अटींचीं आणि अपवादांचीं लांबलचक कलमें जोडलीं गेलीं, आणि सुरक्षित ठरविलेल्या देशांतून येणाऱ्यास त्या चार शब्दांचा आधार उरला नाहीं. तीन दिवसांनीं झोलिंगेन गांवीं एका तुर्की कुटुंबाच्या घरास आग लावण्यांत आली आणि पांच स्त्रिया व मुली मृत्यु पावल्या. घटनादुरुस्तीनें ती आग लावली असें आम्ही म्हणत नाहीं. आग लावणारे चार तरुण होते. न्यायालयानें त्यांस शिक्षा दिली. ‘पूर’ म्हणून ज्यांचें वर्णन झालें तीं माणसें होतीं, एवढेंच आम्ही म्हणतों.

याहून क्रूर उदाहरण पुढचें आहे. २००० ते २००६ ह्या वर्षांत जर्मनीच्या निरनिराळ्या शहरांत आठ तुर्की वंशाच्या आणि एका ग्रीक दुकानदारास गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. कोणी फुलें विकी, कोणी भाजी, कोणी शिवणकाम करी, कोणी किल्ल्या बनवी. वृत्तपत्रांनीं ह्या हत्यांस ‘डोनर-खून’ असें नांव दिलें. डोनर हा तुर्की दुकानांतील मांसाचा खाद्यपदार्थ. पोलिसांच्या तपासपथकाचें नांव ‘बॉस्फोरस’ होतें. अशा समासांत खून होतो तो जणूं पदार्थाचाच, आणि खुनी शोधावयाचा तो मृताच्या नातेवाइकांत. विधवांची व मुलांची वर्षानुवर्षें संशयानें चौकशी झाली. २०११ च्या नोव्हेंबरांत उघड झालें कीं मारेकरी नवनात्सी टोळीचे जर्मन होते. त्या वर्षाचा ‘अपशब्द’ म्हणून भाषापंडितांच्या मंडळानें ‘डोनर-खून’ हा शब्द निवडला. निवड रास्त होती. पण त्याआधीं ज्या घरांत मृतालाच आरोपी ठरविलें गेलें होतें, त्यांस ह्या पारितोषिकाचें काय होय?

हें अपशब्दमंडळ १९९१ सालापासून दरवर्षीं एक शब्द चव्हाट्यावर आणतें. २०१० सालीं त्यानें ‘आल्टर्नाटिफलोस’ म्हणजे ‘ज्यास दुसरा पर्याय नाहीं असें’ हा मंत्र्यांचा लाडका शब्द निवडला. ज्यास पर्याय नाहीं त्याचा निर्णय कोणीच घेतलेला नसतो; म्हणून जाबही कोणास विचारतां येत नाहीं. तीन वर्षांनीं जो उजवा पक्ष निघाला, त्यानें आपलें नांवच ‘पर्याय’ असें ठेविलें. सत्ताधाऱ्यांनीं कर्ता गाळून जी जागा रिकामी ठेविली, तींत हा पक्ष शिरला. त्याचे एक अध्वर्यु आलेक्झांडर गाउलांड २०१८ सालीं म्हणाले कीं, हजार वर्षांच्या वैभवशाली इतिहासांत हिटलर आणि नात्सी म्हणजे पक्ष्याची एक विष्ठा. लोक उपमेच्या घाणीवर संतापले. आम्हांस तिचें व्याकरण अधिक भयंकर वाटतें. पक्ष्याची विष्ठा वरून पडते, खालून चालणाऱ्याचा त्यांत हात नसतो.

२०२३ सालीं मंडळानें ‘रेमिग्रात्सिओन’ म्हणजे ‘परत-स्थलांतर’ हा शब्द निवडला. त्याच नोव्हेंबरांत पोट्सडाम येथें एक गुप्त बैठक भरली होती. २०२४ च्या जानेवारींत तिची बातमी फुटली आणि लक्षावधि लोक निषेधार्थ रस्त्यावर आले. पुढें काय झालें? २०२५ च्या जानेवारींत त्याच पक्षाच्या नेत्या आलिस वाइडेल ह्यांनीं अधिवेशनाच्या व्यासपीठावरून तो शब्द उघडपणें उच्चारला, आणि फेब्रुवारीच्या निवडणुकींत पक्षाचीं मतें २०२१ च्या शेंकडा १०.३ वरून २०.८ वर गेलीं. बंदीचीही हीच कथा. थुरिंगियाचे पुढारी ब्यॉर्न ह्योके ह्यांस हिटलरच्या तुकड्यांची जुनी घोषणा दिल्याबद्दल २०२४ सालीं दंड झाला. त्याआधींच दुसऱ्या एका सभेंत त्यांनीं घोषणेचा पूर्वार्ध म्हटला आणि उत्तरार्ध श्रोत्यांनीं पुरा केला. त्याबद्दल पुन्हां दंड झाला. कायदा असूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ओंठांवर कुलूप घातलें तरी घोषणा कानांत पूर्ण होतेच, हें पाहून घ्यावें.

‘परत-स्थलांतर’ ह्या शब्दास निषिद्ध म्हणून धिक्कारण्याऐवजीं त्याचें वाक्य करावें. पहांटे कोणाचें दार कोण ठोठावणार? कोणत्या आईस कोणता शिपाई दंडाला धरून गाडींत बसविणार? नागरिकत्वाचा कागद कोणाच्या हातून कोण हिसकावणार? वाक्य पुरें केलें कीं मतदारास आपण काय मागतों आहों तें कळतें. आणि कळूनही जो मागेल, त्यास ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची सोय राहणार नाहीं. उदारमतवादी म्हणविणाऱ्यांनीं हीच कसोटी स्वतःसही लावावी. अफगाणिस्तानांत सैनिक मरत असतां वर्षानुवर्षें युद्ध शब्द टाळून, २००९ सालीं ‘युद्धसदृश परिस्थिति’ येथवर येणारे मंत्री, किंवा २०२२ सालीं शंभर अब्ज युरो कर्ज काढून त्यास ‘झोन्डरफेरम्योगेन’ म्हणजे ‘विशेष संपत्ति’ म्हणणारें सरकार, ह्यांच्याच शाळेंत तो दुसरा पक्ष शिकलेला आहे.

हा वाद परक्यांचा म्हणून आपण दूर बसूं, अशीही स्थिति नाहीं. जर्मन विद्यापीठांतील परदेशीय विद्यार्थ्यांत अलीकडे भारतीयांची संख्या सर्वांत मोठी झाली आहे, आणि पुण्यामुंबईच्या किती घरांत जर्मनचे धडे चालू असतात हें वाचक जाणतातच. २००० सालीं जर्मन सरकारनें भारतीय संगणकतज्ज्ञांस बोलावण्याचें ठरविलें तेव्हां एका प्रांतिक निवडणुकींत ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजीं मुलें’, अशी घोषणा गाजली. तीन शब्द, छान यमक, आणि क्रियापदाचा पत्ता नाहीं. मुलांनीं काय करावें, त्यांस कोणीं शिकवावें, आजवर कां शिकविलें नाहीं, ह्यांपैकीं एकही प्रश्न त्या यमकांत मावत नाहीं. त्या निवडणुकींत घोषणेचा पक्ष हरला, हें जर्मन मतदारांस भूषणावह आहे. परंतु पुढच्या वेळीं यमक कोणावर जुळेल हें कोणी सांगावें?

जर्मन भाषेस कर्ता सांगतां येत नाहीं असें मुळींच नाहीं. त्यांच्या राज्यघटनेचें पहिलें कलम माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे असें म्हणून थांबत नाहीं. तिचा मान राखणें व रक्षण करणें हें सर्व राजसत्तेचें कर्तव्य होय, असें लगेच पुढें सांगतें. १९४९ सालीं ढिगाऱ्यांतून उठलेल्या माणसांनीं हें वाक्य लिहितांना काम कोणाचें तें सांगितलें. त्यांच्या नातवंडांनीं शब्दांच्या याद्या करण्याचे श्रम थोडे कमी करावे आणि तें वाक्य पुनः पुन्हां वाचावें.

दूध सांडलें असतां शहाणी आई ‘सांडलें’ हा शब्द घरांत बंद करीत नाहीं, आणि ‘शब्दच तो’ म्हणून सोडूनही देत नाहीं. ती मुलासमोर बसते आणि तोच प्रश्न पुन्हां विचारते. मूल मांजराकडे बोट दाखवितें, वाऱ्याकडे दाखवितें, भांड्याकडे दाखवितें. ती थांबते. शेवटीं तें खालीं मान घालून म्हणतें, “मीं.” मग दोघें मिळून ओटा पुसतात.